चिठ्ठ्यांमधले प्रश्न

(अहिल्यानगर येथे मंडळीच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)

प्रिय बहिणींनो, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या बंधूंनो,

आजचा विषय मुलींच्या पाळीचा आहे. बंधूंनी उठून जाऊ नये अशी माझी विनंती आहे. दवाखान्यात न्यायचे की नाही आणि मुलीचे लग्न कधी करायचे, हे घराघरांत बहुधा तुम्हीच ठरवता.

अकोले तालुक्यात, राजूर-भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवर आम्ही किशोरवयीन मुलींच्या बैठका घेतो. तोंडाने कोणी काही विचारत नाही. म्हणून कागदाचे तुकडे वाटतो आणि नाव न घालता प्रश्न लिहायला सांगतो. प्रश्न बहुतेक तेच असतात. नगरच्या शिकलेल्या घरांतल्या मुलींनाही कागद दिले, तर फार वेगळे काही निघेल असे मला वाटत नाही.

सगळ्यांत जास्त वेळा येणारा समज असा, की पाळीत अंगातले खराब रक्त बाहेर पडते, म्हणून जितके जाईल तितके चांगले. मला हा समज सर्वांत घातक वाटतो. ते रक्त खराब नसते. गर्भाशयात दर महिन्याला तयार होणारे अस्तर गर्भ राहिला नाही की सुटते, त्याच्यासोबत शरीरातले साधेच रक्त जाते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर ते जास्त. घरी कोणी मोजत बसत नाही, पण दर तास-दोन तासांनी कापड किंवा पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तर मुलीला डॉक्टरांकडे न्यायलाच हवे. "घाण जातेय, जाऊ दे" म्हणत आई थांबते, आणि मुलगी पांढरी पडते. चढावर धाप लागते, वर्गात डुलक्या येतात, मग तिला आळशी म्हणतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळले. दहातल्या सहा!

यावर उपाय सरकारने शाळेतच ठेवला आहे. आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा जंताची. पण गोळी उष्ण पडते, पुढे मूल होत नाही, अशा वावड्या उठतात आणि गोळी खिडकीबाहेर जाते. शौचाला काळी होते म्हणूनही मुली घाबरतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जेवणानंतर गोळी घ्यावी, तिच्यासोबत चहा पिऊ नये, एवढेच. आणि गंमत पाहा, पाळीत आंबट खाऊ नये असे आपण सांगतो. आवळा, लिंबू यांनी तर लोह अंगी लागायला मदत होते. ज्या दिवसांत रक्त जाते त्याच दिवसांत आपण मुलीच्या ताटातून लिंबाची फोड उचलतो.

दुसरा विषय लग्नाचा. "न्हाण आले, म्हणजे मुलगी लग्नाची झाली." पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी येते, पण कमरेची हाडे त्यानंतरही काही वर्षे वाढत असतात. सुरुवातीची दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, कधी एकवीस दिवसांनी, कधी पंचेचाळीस. बहुतेक वेळा तो आजार नसतो. पंधरा वर्षे पूर्ण झाली तरी आलीच नाही, किंवा एकदा सुरू होऊन तीन-तीन महिने थांबू लागली, तर तपासावे. पोटात दुखते ते गर्भाशय आकुंचन पावते म्हणून. गरम पाण्याची पिशवी, डॉक्टरांनी सांगितलेली वेदनेची गोळी यांनी बहुतेकींना आराम पडतो. दर महिन्याला शाळा बुडण्याइतके दुखत असेल, तर कारण शोधायला हवे. "लग्न झाले की दुखणे जाईल" हे औषध नाही. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी बाळंतपण आणि अंगात रक्त नाही, यात मुलीचा जीव जाऊ शकतो. असे लग्न ठरल्याचे कळले तर १०९८ वर फोन करा, कोण काय म्हणेल ते पाहू नका.

धुपणीबद्दल बोलते. अंगावरून पांढरे जाते म्हणजे हाडे झिरपतात, असे मुलींना सांगितले जाते. हाडांचा त्याच्याशी काही संबंध नाही. थोडे पांढरे, चिकट, वास नसलेले पाणी जाणे वयात आल्याची खूण आहे. खाज, घाण वास, दह्यासारखे जाणे असेल तर संसर्ग असू शकतो, आणि तो औषधाने बरा होतो.

हा गैरसमज पुढे कुठे नेतो ते आपल्या शेजारी पाहा. पाथर्डी-जामखेडच्या पलीकडे बीड जिल्हा आहे. तिथल्या ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये सरकारी समितीने, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली, पाहणी केली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरे जाते, पोट दुखते, "पुढे कॅन्सर होईल" या भीतीने आणि कामाचा खाडा परवडत नाही म्हणून कितीतरी बायका शस्त्रक्रियेला तयार झाल्या. ज्या बाईला पंधराव्या वर्षी आपले शरीर कोणी समजावले नाही, तिला तिशीत कोणीही घाबरवू शकते.

आता आपल्या घरचे. काही मंडळ्यांत पाळी आलेली बहीण प्रभुभोजनाला पुढे येत नाही. कोणी अडवत नाही, तीच मागे बसते, आणि तिची मुलगी ते पाहते. लेवीयचा नियम मी नाकारत नाही, तो तिथे लिहिलेला आहे. पण मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई प्रभूच्या वस्त्राला शिवते, तेव्हा तो तिला मुलगी म्हणतो, बाटलो असे म्हणत नाही. तिने वैद्यांवर सारे पैसे घालवले होते आणि दुखणे वाढलेच होते. बीडच्या बायका तिला लगेच ओळखतील. त्याच अध्यायात याईराची मुलगी आहे, आणि तिचे वय मुद्दाम सांगितले आहे: बारा वर्षे. पाळकसाहेबांनी यावर एकदा वेदीवरून बोलावे, अशी मी त्यांना सर्वांसमोर विनंती करते.

शेवटी देणगीदारांसाठी. पॅडची खोकी येतात, फोटो निघतात, त्याबद्दल मनापासून आभार. पण वाडीवर ते पॅड टाकायचे कुठे? ओढ्यात? आणि खोके संपले की पुढच्या महिन्यात काय? स्वच्छ सुती कापड वाईट नसते. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले तर ते चालते. पण लाजेपायी ते अंधारात, दुसऱ्या कपड्यांखाली ओलसरच राहते, आणि तिथून त्रास सुरू होतो. म्हणून या तिमाहीत आम्ही पॅड मागत नाही. मुलींच्या न्हाणीघराला दार आणि कडी हवी, आत पाण्याची टाकी हवी, आणि मागे ऊन येईल अशी आडोशाची दोरी. शिवाय रक्त तपासणीला मुलींना राजूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायला जीपचे भाडे लागते. ज्यांना एखाद्या वाडीची जबाबदारी घ्यायची आहे, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. कागदाचे तुकडे आजही आणले आहेत. दाराजवळ डबा ठेवला आहे, नाव घालू नका.