सरांची फुटलेली बाटली



आठवीत सरांनी काठोकाठ पाणी भरलेली, घट्ट बुचाची बाटली बर्फ-मिठाच्या काल्यात ठेवली होती. तास संपायच्या आत ती तडकली. पाणी गोठताना पसरतं, हे त्या दिवशी डोक्यात बसलं. (बाटली सरांनी घरून आणली होती. काकू काय म्हणाल्या, ते आज तरी सांगा, सर!)

माझी नोकरी अजून त्याच बाटलीपाशी आहे. इंग्लंडमधल्या एका टिश्यू बँकेत मी मृत्यूनंतर दान केलेली त्वचा गोठवून ठेवते. पेशीत बहुतेक पाणीच. त्वचा नुसती फ्रीजरमध्ये टाकली, तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी मरतात. १९४९ साली पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉल घालून कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवले आणि ते वितळल्यावर जिवंत निघाले. १९५२ मध्ये बिलिंगहॅम आणि मेडावार यांनी सशाच्या त्वचेवर हा उपाय वापरला. आम्ही अजून साधारण तेच करतो. त्वचा अशा द्रावणात भिजवायची, मिनिटाला अंशभर अशी सावकाश थंड करायची, मग उणे ८० अंशांत किंवा त्याहून खाली ठेवायची. वितळवताना मात्र कोमट पाण्यात झटपट.

भाजलेल्या माणसाला ही त्वचा कायमची लाभत नाही; दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारतं. पण तेवढे दिवस जखम झाकलेली राहते, अंगातलं पाणी झिरपत नाही, वेदना आणि जंतुसंसर्ग कमी होतो. तोवर रोग्याची स्वतःची त्वचा लावायला डॉक्टरांना उसंत मिळते. रक्तगट जुळवावा लागत नाही. मांड्या, पाय, पाठ इथला अगदी पातळ पापुद्रा काढतात. देह विद्रूप होत नाही.

हे सगळं मी परक्यांना शेकडो वेळा सांगितलंय. मागच्या वर्षी पहाटे धाकट्या भावाचा डोंबिवलीहून फोन आला, आई गेली. आपल्याकडे त्वचादान सहा तासांत व्हावं लागतं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात २००० सालापासून स्किन बँक आहे, हेही मला पाठ. माझं विमानच नऊ तासांचं, म्हणजे बोलायचं ते फोनवरच. भाऊ रडत होता. मी विचारलं, "डोळे?" म्हणाला, "हो, तिनेच फॉर्म भरला होता." पुढचा शब्द माझ्या तोंडून फुटला नाही. 'त्वचा' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काय येईल, या विचाराने मी गप्प बसले. आईजवळ तर मी हा विषय कधी काढलाच नव्हता. मी 'लॅबमध्ये' असते, एवढंच तिला ठाऊक.

तेराव्यानंतर भावाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, विचारायचंस तरी." त्या संध्याकाळी त्याने स्वतःसाठी फॉर्म मागितला. भावजयीने आधी तोंड फिरवलं, मग हळूच विचारलं, "दुखत नाही ना हो?"

फॉर्म आज बॅगेत आणलेत. जेवणं झाली की मी आपल्या जुन्या प्रयोगशाळेच्या पायरीवर बसणार आहे.