प्रशिक्षण अर्ध्यावर का सुटतं?



वस्तीतला मुलगा चोरीत, मारामारीत सापडतो. बाल न्याय मंडळ त्याला घरी राहून एखादं काम शिकायला पाठवतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ही तरतूद आहे, आणि ती चांगलीच आहे. पण महिना-दोन महिन्यांत त्याचं जाणं बंद होतं. रजिस्टरमध्ये शेरा पडतो : 'मुलाला रस नाही.' आईला ऐकवतात, 'तुमचं लक्ष नाही.' या दोन शेऱ्यांविषयी आज बोलायचं आहे.

पकडल्या जाणाऱ्या मुलांत दर चारांमागे साधारण तीन सोळा ते अठरा वयाची असतात, आणि बहुतेक आईवडिलांजवळच राहतात, असं सरकारी आकडेच सांगतात. आपल्या वस्त्यांत या वयाचा मुलगा कमावता धरला जातो. बिगारीवर संध्याकाळी पैसे हातात पडतात. प्रशिक्षणात विद्यावेतन नसेल तर उलट बसभाडं खिशातून जातं. त्यात मंडळाच्या तारखा. दर तारखेला मुलाचा वर्ग बुडतो आणि आईचा खाडा होतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा खाडा म्हणजे पगारात कपात. हा खर्च कोणत्या अहवालात येतो?

मुलींचं दुखणं आणखी वेगळं. शिवण नाहीतर ब्युटी पार्लर. तुला काय शिकायचंय, असं तिला विचारतं कोण? शिकली तरी घरात मशीन नाही. धाकटी भावंडं तिच्याच गळ्यात. 'नाव खराब झालंय, उजवून टाका,' म्हणून अठराच्या आत लग्न लावतात. रजिस्टरमध्ये त्याचीही नोंद 'गळती' अशीच होते. बालविवाह म्हणून कोणी लिहीत नाही.

शिवाय भीती. आसपास काही घडलं की संशय आधी याच मुलावर. मालकाला कळलं तर काम जाईल, मग शिकायचं कशाला? पण कलम ७४ सांगतं की प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती नोंद उघड करायची नाही. हे किती आयांना माहीत आहे?

तेव्हा विद्यावेतन आणि बसभाडं मागू या. वर्गाच्या वेळेत तारीख नको, असा अर्ज मंडळाकडे करू या. कलम ७४ घरोघर वाचून दाखवू या. मूल तीन दिवस दिसलं नाही, तर शेरा पडण्याआधी आपण त्याच्या घरी जाऊ या.

आणि एक. मंडळावर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री असावीच लागते. ती आपल्यातली का नसावी?