ग्लासावरचे पांढरे डाग

आमच्या भागात पाहुणा आला की पाण्याचा ग्लास आधी पदराला नाहीतर ओढणीला पुसला जातो आणि मग भरला जातो. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, ग्लास नीट धुतलेला नसावा. वास्तविक तो सकाळीच दोनदा धुतलेला असतो. धुऊन पालथा घातला, वाळला आणि वाळता वाळता त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले. स्टीलच्या ताटावर थेंबांचे गोल, तांब्याच्या काठाशी पांढरी कड, काचेच्या ग्लासावर धुक्यासारखी झाक. कळमनुरीपासून सेनगावपर्यंत, बोअरचं पाणी वापरणाऱ्या कुठल्याही घराच्या मांडणीवर हा नमुना पाहायला मिळेल.

श्रोतेहो, भांड्यांवरचे डाग हा काय बोलण्याचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. पण या डागांवरून घराघरांत काय काय ऐकवलं जातं, ते आठवून पाहा. "हिच्या हाताला भांडी घासायचं वळणच नाही," हे वाक्य नव्या सुनेनं ऐकलेलं असतं. शहरात धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईनं ऐकलेलं असतं. वरण शिजायला वेळ लागला तरी बोल तिलाच. भांडं पांढरं राहिलं, डाळ बोटचेपी झाली नाही, साबणाला फेस आला नाही. या तिन्ही गुन्ह्यांचा आरोपी एकच आहे आणि तो स्वयंपाकघरात राहत नाही. तो जमिनीखाली राहतो.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात या पाण्याला फार सुंदर नाव आहे: दुष्फेन. ज्यात फेस धड होत नाही ते दुष्फेन, ज्यात होतो ते सुफेन. मी कवितेचा माणूस, मला हे दोन्ही शब्द शाळेपासून आवडत आले आहेत. बोलताना मात्र आपण जड पाणी म्हणतो, क्षाराचं पाणी म्हणतो. ते जड होतं कसं? पावसाचा थेंब आभाळातून पडतो तेव्हा त्यात जवळजवळ काहीच विरघळलेलं नसतं. जमिनीत मुरताना तो मातीतला कर्बवायू घेतो आणि किंचित आंबट होतो. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, नांगराच्या तासात ते पांढरे दिसतात. खाली काळा पाषाण. विहीर खणताना त्या पाषाणाच्या पोकळ्यांतून पांढरे चकचकीत स्फटिक निघतात, पोरं ते खेळायला घेतात. त्यातही चुना असतो. आंबट झालेलं पाणी चुना आणि मॅग्नेशियम विरघळवत, फटीफटीतून खाली जातं. बोअर जितकं खोल, तितका बहुधा त्या पाण्याचा दगडाशी सहवास लांबलेला. उलट पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणात साठलेलं पाणी मुख्यतः पावसाचं आणि ओढ्यानाल्यांचं, म्हणून धरणाचं पाणी बोअरच्या मानानं हलकं असतं. नळ आला त्या दिवशीचे ग्लास आणि बोअरच्या दिवशीचे ग्लास शेजारी ठेवा, सांगायची गरज उरणार नाही.

मग हे जड पाणी आपण घेतलं तरी का? त्यालाही इतिहास आहे. पूर्वी गावाला आड होता, पायऱ्यांची बारव होती, नदीत झरा उकरला जाई. ते पाणी चवीला गोड, पण बारवेत माणसं पायऱ्या उतरून पाण्यात शिरत आणि त्यातून नारू पसरे. पायातून हातभर पांढरा किडा बाहेर येताना पाहिलेली माणसं मराठवाड्याच्या जुन्या पिढीत बरीच होती. त्यात १९७२ चा दुष्काळ आला, आड आटले, आणि गावोगावी बोअर खणणारी यंत्रं फिरू लागली. बोअरवर बसवायचा भक्कम हातपंप तयार होण्यातही मराठवाड्याचा वाटा आहे. जालन्याच्या मिशनमध्ये जो पंप बनला, त्यावरून सोलापूरचा पंप निघाला आणि त्याच्यावरून पुढे इंडिया मार्क टू. तोच आपला हापसा. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत आजही तो हापसला जातो. नारूचा देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. झाकलेल्या बोअरच्या पाण्याचा त्यात मोठा हात होता. म्हणून या पाण्याला शिव्या देताना मी जरा हात राखून देतो.

आता थोडा हिशेब करू. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असंही. समजा तुमच्या बोअरची ६०० आहे. आंघोळीच्या बंबात रोज दहा लिटर पाणी तापतं. म्हणजे रोज सहा ग्रॅम चुना आत गेला. तापताना त्यातला निम्मा जरी तळाला बसला तरी तीन ग्रॅम. वर्षाला किलोभर! बंब ठोकून साफ करताना जी पांढरी खपली निघते, ती हीच. हीटरच्या रॉडवर जी टणक साल चढते, तीही हीच. ही साल उष्णता अडवते, म्हणजे तेवढंच पाणी तापवायला वीज जास्त, सरपण जास्त. ग्लासावरचा ठिपका त्या मानानं गरीब. पाणी उडून गेलं आणि ओझं मागं राहिलं, एवढंच.

जुन्या बायका या चुन्याशी कशा लढत? चुलीतली राख आणि चिंच. आपण ते मागासपण समजलो. पऱ्हाट्यांची, लाकडाची राख पाण्यात कालवली की तिच्यातला क्षार पाण्यातला चुना खाली बसवतो, म्हणजे पाणीच हलकं होतं. धुण्याचा सोडा तेच करतो. आणि चिंचेच्या आंबटपणानं तांब्यापितळेवरचा काळपटपणाही जातो, बसलेला चुनाही विरघळतो. आधी राख, मग चिंच. रसायनशास्त्राच्या माणसानं क्रम लावला असता तरी याहून वेगळा लावला नसता. त्याच पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवलं तर मात्र ते कळकतं, म्हणून कल्हई. कल्हईवाला भाता फुंकायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि क्षणात पातेल्याचं पोट चांदीसारखं व्हायचं. आमच्या मोहल्ल्यातली पोरं तो धूर खात तिथंच उभी असायची. स्टील आलं, कल्हईवाला गेला, चुलीबरोबर राख गेली. बसलेला चुना विरघळवणारी चिंच फक्त आमटीत उरली आणि घासायला फेसाचा साबण आला, ज्याला नेमकं हेच पाणी सोसत नाही.

आता तर भांडी धुणारं यंत्र आलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या बाया येईनात तेव्हा शहरांतल्या पुष्कळ घरांनी ते घेतलं. पुण्याच्या एका सोसायटीत राहणाऱ्या माझ्या भाचीचाही फोन आला होता. "मामू, नवीन मशीन है, फिर भी गिलासां पे सफेदी आ री. वापस करूं क्या?" त्यांच्या सोसायटीला टँकरचं आणि बोअरचं पाणी. मी तिला विचारलं, मिठाच्या कप्प्यात मीठ घातलंस का? कप्पा आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. यंत्र विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. या यंत्रांच्या तळाशी बारीक मण्यांसारखं राळेचं गाळण असतं. ते पाण्यातला चुना धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं ते धुऊन पुन्हा रिकामे होतात. म्हणून मीठ. ते मीठ जेवणात पडत नाही, निचऱ्याबरोबर वाहून जातं. जाड, शुद्ध, त्यासाठीचंच मीठ घ्यावं. जेवणातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून जे घातलेलं असतं, त्यानं कप्पा तुंबू शकतो. आणि पाणी किती जड आहे ते यंत्राला सांगावं लागतं. बरीचशी यंत्रं ते जर्मन अंशांत विचारतात. आपले ६०० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ३४ अंश. जर्मनीत १४ अंशांच्या पुढचं पाणीच कठीण गणलं जातं, यावरून आपण कुठं आहोत ते समजा.

गंमत अशी की हे दुखणं अमेरिकेलाही चुकलेलं नाही. या यंत्रांच्या साबणात पूर्वी फॉस्फेट असे. ते चुन्याला धरून ठेवी. पण तेच सांडपाण्यातून तळ्यांत जाऊन शेवाळ माजवी. म्हणून २०१० साली तिथल्या डझनाहून अधिक राज्यांनी ते जवळजवळ बंद केलं, आणि घराघरांतून ओरड सुरू झाली की ग्लास पांढरे निघताहेत. युरोपनंही २०१७ पासून ते मर्यादित केलं. तळी वाचवायची की ग्लास, असा प्रश्न होता. माझ्या मते निर्णय बरोबर झाला.

साध्या घरातला उपाय साधा आहे. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व किंवा पाव भाग पांढरा व्हिनेगर, त्यात ग्लास अर्धा तास बुडवायचे, हातानं चोळून धुवायचे आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचे. पुसणं महत्त्वाचं, थेंब वाळू दिला की डाग आलाच. स्टीलला तारेच्या घासणीनं खरवडू नये, ओरखड्यांत चुना जास्त घट्ट बसतो. ॲल्युमिनियमची भांडी आंबटात भिजत ठेवू नयेत. आणि आंबट कधीही ब्लीचिंग पावडरीत किंवा ब्लीचच्या पाण्यात मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन सुटतो. लिंबानंही काचेवरची झाक गेली नाही, तर तो चुना नव्हे; काच झिजली आहे, आणि तिच्यावर इलाज नाही.

लोक विचारतात, या पाण्यानं मुतखडा होतो का? ज्याच्या त्याच्या तोंडी हे आहे, पण कठीणतेनं तब्येत बिघडते असा ठोस पुरावा नसल्यानं जागतिक आरोग्य संघटनेनं कठीणतेसाठी आरोग्याची मर्यादाच घातलेली नाही. खरी भीती वेगळी आहे. फ्लोराईड आणि नायट्रेट हे डाग पाडत नाहीत, दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत. फ्लोराईड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढं गेलं तर दात आणि हाडं बिघडतात. नायट्रेट ४५ च्या पुढं गेलं तर तान्ह्या बाळांना धोका. म्हणून डाग पडो न पडो, पिण्याच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. ग्लास पांढरा झाला म्हणून घाबरणारे आपण, ग्लास लख्ख दिसला की निर्धास्त होतो.

काही घरांत हल्ली मोठाले सॉफ्टनर बसताहेत. त्यांचं खारट सांडपाणी परसातल्या झाडांना घालू नका. आपली काळी जमीन सोडियमनं घट्ट होते, पाणी पीत नाही.

आणि पावसाळा तोंडावर असेल तर एक करा. पहिल्या दोन सरी पत्रा धुऊन जाऊ द्या, त्यानंतर पागोळ्यांखाली स्वच्छ घागर ठेवा. त्या पाण्याची शेवटची खंगाळणी ग्लासांना द्या. उरलेलं गाळून, उकळून त्यात तुरीची डाळ घाला आणि घड्याळ लावून बसा. दुसऱ्या दिवशी तीच डाळ, तेवढीच, बोअरच्या पाण्यात शिजवा. ज्या सासूबाईंनी सुनेला बोल लावला असेल, त्यांना दोन्ही दिवस चुलीपाशी बसवा.