जोनाथन डेव्हिस : दोन रग्बींचा खेळाडू



रग्बी हा आजचा विषय जाहीर होताच काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. मुंबईच्या जिमखान्यावर हा खेळ पाहिलेले आपल्यात थोडेच असतील. पण वाळीत टाकणे म्हणजे काय, हे मात्र आपणांस कोणी समजावून सांगायला नको. आणि आमचा विषय खरे पाहता तोच आहे.

उत्तर इंग्लंडातील गिरणी-खाणींत राबणारे लोक शनिवारी खेळावयास गेले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच तिकडच्या क्लबांची मागणी होती. धुरीणांनी ती फेटाळली आणि 1895 च्या ऑगस्टात हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात ते क्लब वेगळे झाले. हौशी लोकांची ती 'युनियन', पंधरा गड्यांची. पैसे देणारी ती 'लीग', 1906 पासून तेरा गड्यांची. हुतूतूत धरलेला गडी बाद होतो. लीगमध्ये तो उठतो, चेंडू पायाने मागे सारतो आणि डाव पुढे चालतो. असे सहा वेळा झाले की चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

लीगचा पैसा घेणाऱ्याला युनियनची दारे जन्मभर बंद. नुसते खेळणेच नव्हे, शिकवणेही बंद! (पैशाला विटाळ मानणाऱ्या या मंडळींना प्रवेशफीच्या पैशाचा मात्र विटाळ होत नसे.)

डेव्हिसचा जन्म 1962 चा, वेल्समधील ट्रिमसारन या खाणकामगारांच्या गावचा. चौदाव्या वर्षी वडील वारले. लानेली क्लबाने परत पाठविले, नीथने घेतले. 1985 साली इंग्लंडविरुद्ध वेल्सतर्फे तो प्रथमच उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने 'ट्राय' केला. वेल्समध्ये दहा क्रमांकाचा गडी म्हणजे संघाचा सूत्रधार. गावोगावची पोरे तोच होण्याची स्वप्ने पाहतात. 1988 साली वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड या तिघांनाही हरविले. लगेचच न्यूझीलंडात 52-3 आणि 54-9 अशी धूळधाण झाली. दुसऱ्या सामन्यात कर्णधार डेव्हिसच होता. काय चुकते ते वार्षिक सभेपुढे सांगू द्या, असे तो म्हणाला. परवानगी मिळाली नाही. डिसेंबरात रुमानियाकडून घरच्याच मैदानावर पराभव झाला, आणि 1989 च्या जानेवारीत तो विडनेस या रसायनांच्या कारखान्यांच्या गावी लीग खेळावयास गेला. पैशासाठी गेला, असे लोक म्हणाले. गेला असेलही, पण ज्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही, त्याने राहावे तरी कशासाठी?

तिकडे काहींना वाटले, हा सडपातळ माणूस महिनाभरात मोडेल. त्याने अंगावर मांस चढविले आणि खेळ नव्याने शिकला. त्याच वर्षी विडनेसने ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेराला हरवून क्लबांचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. 22 ऑक्टोबर 1994 रोजी वेम्बलीवर ब्रिटनचा कर्णधार मैदानाबाहेर काढला गेला. उरले बाराच गडी. त्या स्थितीत डेव्हिस ऑस्ट्रेलियाची फळी भेदून कोपऱ्याकडे धावला. ब्रिटनने 8-4 असा सामना जिंकला.

1995 च्या ऑगस्टात युनियननेच पैसे देण्यास मान्यता दिली. शंभर वर्षांचे सोवळे एका दिवसात उतरले. नोव्हेंबरात तेहेतीस वर्षांचा डेव्हिस कार्डिफ क्लबात परतला. दारे उघडली, पण पाय पूर्वीचे राहिले नव्हते. त्याची उत्तम वर्षे बहिष्कारातच गेली होती. तरी वेल्सने त्याला पुन्हा बोलाविले. 15 मार्च 1997 रोजी कार्डिफच्या जुन्या मैदानावर इंग्लंडशी शेवटचा सामना झाला. वेल्स 13-34 असे हरले. दहा क्रमांकाचा सदरा डेव्हिसच्याच अंगावर होता.