गाडी रात्री कुठे झोपते?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



साताऱ्यात गाडीतून उतरलो, तर संयोजकांचा पहिला प्रश्न 'प्रवास कसा झाला?' असा नव्हता. 'किती टक्के उरली?' असा होता. (हशा) तेव्हा ते आधी जाहीर करून टाकतो. पुण्यातून निघताना ९६ टक्के होती, इथे पोचलो तेव्हा ४९. एसी चालू, माणसं दोन, खंबाटकीचा घाट चढून. साधारण ११५ किलोमीटरला ४७ टक्के गेले. रात्री परत जायचंय. जाताना साताऱ्याहून पुण्याकडे थोडा उतार आहे, त्यामुळे ४९ टक्क्यांत पोचेनही, पण घामाघूम होऊन. म्हणून या सभागृहाच्या मागच्या खोलीत जो पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे, त्याला मी साडेपाचला गाडी लावून आलोय. व्याख्यान, प्रश्नोत्तरं, आभार, चहा, असे तीन तास धरले तर नऊ युनिट पोटात जातील. तेवढ्यावर निर्धास्त जाईन. त्यामुळे आज मी लांबण लावली तर त्यात माझा स्वार्थ आहे, हे समजून घ्या. (हशा)

विषय छापलाय 'इलेक्ट्रिक गाडी : आत्ता की थांबून?' हा विषय मला गेली तीन वर्षं लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे विचारला जातो. मी आयुष्यभर विजेची कंत्राटं घेतली. गाडीतलं मला फारसं कळत नाही, वायरमधलं कळतं. आणि माझं ठाम मत असं आहे, की हा प्रश्न गाडीचा नाहीच. प्रश्न एवढाच आहे, की तुमची गाडी रात्री झोपते कुठे.

ते कसं, ते सांगतो. पण त्याआधी नेहमीची प्रस्तावना. ती तुम्हाला पाठ आहे म्हणून पळवतो. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, २०१९पासून. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट होती, ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना, म्हणजे ती गाडी गेली. राज्याच्या २०२५च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी यांवर टोलमाफी आहे. सातारा रस्ता त्यात नाही, त्यामुळे मी खेड शिवापूरला टोल भरून आलोय. (हशा) हसू नका, तुम्हीही भरता.

आता थांबणाऱ्यांची बाजू. ती मी प्रामाणिकपणे मांडणार, कारण माझी बायको त्या पक्षात आहे. बॅटरीची किंमत पडत चालली आहे, हे खरं आहे. ब्लूमबर्गची एक संस्था दरवर्षी मोजते. २०१०मध्ये एका युनिटच्या बॅटरीला अकराशे डॉलरच्या वर पडायचे, २०२४ला ११५ झाले. मधे २०२२ला दर चढलाही होता, म्हणजे सरळ उताराचा रस्ता नाही, पण उतारच. टाटांची नेक्सॉन जानेवारी २०२०मध्ये आली तेव्हा बॅटरी ३०.२ युनिटची आणि कागदावर ३१२ किलोमीटर. पुढच्या तीन-चार वर्षांत तीच गाडी ४० युनिटच्या पुढे गेली. ज्यांनी पहिली घेतली, त्यांच्या गाडीला जुन्या बाजारात काय भाव येतो ते त्यांना विचारा. आणि विचारताना जरा हळू विचारा. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकरावरून १८ वर आला. म्हणजे समोरचा गडीही स्वस्त झाला. हे सगळं मान्य.

पण एक लक्षात घ्या. सॉलिड स्टेट बॅटरी येणार, दहा मिनिटांत भरणार, हजार किलोमीटर जाणार, म्हणून जे थांबलेत त्यांना मी हात जोडतो. टोयोटानं आधी या दशकाच्या सुरुवातीचा वायदा केला होता, आता २०२७-२८ म्हणतात. माझ्या वडिलांनी चेतक स्कूटर नोंदवली तेव्हा मी चौथीत होतो. स्कूटर दारात आली तेव्हा अकरावीत. पण त्यांच्यापुढे पर्याय नव्हता, 'ऑन' द्यायला, म्हणजे वर जादा किंमत मोजायला, पैसे नव्हते. इथे पहिल्या दोन रांगांत बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी ती वाट पाहिली असेल. तीच चेतक आता विजेवर आलीय, आणि ती घ्यायला नंबर लावावा लागत नाही, तरी आपण थांबलोय. सवय! (टाळ्या)

आणि आज मिळणारी बॅटरी काही टाकाऊ नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी म्हणतात ती असते. लोखंड आणि फॉस्फेट. महागडं कोबाल्ट, निकेल त्यात नाही. वजनाच्या मानानं वीज थोडी कमी मावते, पण उष्णता सोसते आणि टिकते जास्त. ही १९९७मध्ये टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आली, आणि त्या निबंधावर पहिलं नाव आहे अक्षय पाढी, आपल्याकडचा. गुडइनफना २०१९ला नोबेल मिळालं, वयाच्या ९७व्या वर्षी. पाढींचं नाव इथे किती जणांनी ऐकलंय? हं. मलाही दोन वर्षांपूर्वी कळलं.

(एक चिठ्ठी येते.) थांबा, प्रश्न शेवटी घेऊ... नाही, प्रश्न नाही हा. 'सर, चहाच्या भांड्याला पॉइंट हवाय. तुमची वायर काढू का?' (प्रचंड हशा) काढा, काढा. चहा आधी. सव्वासात झालेत, म्हणजे पावणेदोन तास मिळाले. बघा, मी अजून मुद्द्यावर आलो नाही आणि मुद्दा आपणहून स्टेजवर आला.

तर मुद्दा. गाडी घेण्याआधी शोरूममध्ये जाऊ नका, पार्किंगमध्ये जा. तिथे भिंतीवर तुमच्या स्वतःच्या मीटरचा, अर्थिंग असलेला पंधरा अँपिअरचा पॉइंट येऊ शकतो का, ते बघा. येत असेल, तर आत्ता घ्या. येत नसेल, तर थांबा, मग बॅटरी फुकट मिळाली तरी थांबा. अर्थिंग मी मुद्दाम म्हणालो. इथे जुन्या पेठांतल्या घरांमध्ये तिसऱ्या भोकात वायरच नसते. टीव्ही चालतो, पंखा चालतो, कुणाला कळत नाही. गाडीच्या चार्जरला कळतं. दिवा लाल होतो आणि तो हटून बसतो. आणि पॉइंट जुना असेल तर अर्ध्या तासानं पिनला हात लावून बघा. गिझर दहा मिनिटं चालतो, गाडी आठ तास खेचते. मी असे पॉइंट उघडलेत, की पांढरं प्लास्टिक बिस्किटासारखं भाजलेलं, आतला स्क्रू अर्धा फेरा ढिला. त्या अर्ध्या फेऱ्यानं आग लागते आणि पेपरात नाव गाडीचं येतं.

आता आमच्या सोसायटीचं सांगतो. दोन मिनिटांत.

चाळीस फ्लॅट. मीटर खोली ए विंगला, माझं पार्किंग बी विंगच्या टोकाला. मधे ३८ मीटर केबल. मी अर्ज दिला, सोबत नकाशा दिला, आर्मर्ड केबल, वेगळा एमसीबी, सगळं लिहून दिलं. मला वाटलं होतं की या कामाचा माणूस आपणच, आठवड्यात होईल. चौदा महिने लागले, मंडळी. गाडी सहा आठवड्यांत आली होती!

पहिल्या सभेत खजिनदार म्हणाले, 'आज तुम्ही, उद्या सगळे. ट्रान्सफॉर्मर उडेल.' मी फळ्यावर मांडून दाखवलं. माझा चार्जर खेचतो सव्वातीन किलोवॅट, म्हणजे दीड गिझर. तोही रात्री अकरानंतर. आणि सकाळी साडेसहाला आपल्याकडे चाळीस गिझर एकदम चालतात, तेव्हा ट्रान्सफॉर्मर काय म्हणतो? तर एक सभासद म्हणाले, 'म्हणजे तुम्ही आमच्या आंघोळीवर घसरलात.' (हशा) विषय तिथून पाण्याच्या टाकीवर गेला आणि सभा संपली.

दुसऱ्या सभेत आगीचा विषय. कुणीतरी फोनवर व्हिडिओ दाखवला, गाडी पेटलेली. मी म्हटलं, ही स्कूटर आहे आणि हा देश आपला नाही, बघा, लोक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चाललेत. त्यावर उत्तर आलं, 'आग ती आगच.' याला उत्तर नसतं. तिसऱ्या सभेला कोरम झाला नाही. चौथ्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या कधी बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, 'त्यांचं मीटर, त्यांची वायर, त्यांचा खर्च. मग आपण नक्की कशाची परवानगी देतोय?' दोन मिनिटं कुणी बोललं नाही. ठराव मंजूर. मी तोपर्यंत काय करत होतो? रोज मेव्हण्याकडे गाडी लावून रिक्षानं घरी येत होतो. इंधनाची बचत! (हशा) आणि केबल लागल्यावर खजिनदार पाहायला आले. बराच वेळ वर बघत उभे राहिले. मला वाटलं, आता शाबासकी. म्हणाले, 'सोसायटीच्या क्लिपा करड्या आहेत, तुम्ही पांढऱ्या का लावल्या?'

हे दोन मिनिटांत होणार नव्हतं, मला माहीत आहे. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत.

हिशेब भरभर सांगतो. महिन्याला हजार किलोमीटर फिरत असाल तर गळतीसकट १६० युनिट लागतील. घरचा दर हिशेबापुरता दहा रुपये धरा. सोळाशे रुपये. पेट्रोलची गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देत असेल आणि पेट्रोल १०५ धरलं, तर सात हजार. महिन्याला ५,४०० वाचले, वर्षाला ६५ हजार. गाडीला तीन-साडेतीन लाख जास्त मोजले असतील तर पाच-सव्वापाच वर्षांत फिटले. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. बसतं. पण महिन्याला चारशेच किलोमीटर होत असतील, मंडई आणि नातू एवढंच, तर हेच फिटायला बारा-तेरा वर्षं. तुम्ही खुशाल थांबा. आणि हा सगळा हिशेब घरच्या पॉइंटचा आहे. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला दुपटीच्या आसपास मोजावे लागतात. मग वर्षाच्या ६५ हजारांतला चांगला तुकडा तिथेच जातो. म्हणून पुन्हा तेच, गाडी झोपते कुठे?

(सभागृहातून : तुमचीच गाडी बंद पडली होती म्हणे!)

कोण म्हणालं? हां. पुण्याचेच दिसता. पडली होती, लपवत नाही. मागच्या पावसाळ्यात, सकाळी, माझ्याच पार्किंगमध्ये. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली, आणि गाडीला जाग नाही. कारण विजेच्या बहुतेक गाड्यांत एक छोटी बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती मेली तर मोठीचं कुलूपच उघडत नाही. पोटात बत्तीस युनिट आणि दार हातानं उघडायचं. शेवटी खजिनदारांच्या जुन्या पेट्रोल गाडीला वायर जोडून ती उठवली. ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. पण म्हणून गाडी वाईट होत नाही! तीन हजारांची बॅटरी असते, चार वर्षांनी बदलायची, पेट्रोल गाडीतही... असो. मी चिडलेलो नाही. (हशा)

घंटा झाली. एकच चिठ्ठी घेतो, ही हातात आहे ती. 'आपण आपली जुनी पेट्रोल गाडी विकली का?'

छान अक्षर आहे. नाही विकली. कोकणात, लग्नाला, चार दिवस जायचं झालं तर ही म्हणते ती काढा. पार्किंग एकच, तिथे आता पॉइंट आहे, त्यामुळे ती रात्री बाहेर रस्त्यावर झोपते. परवाच कुणीतरी तिचा आरसा नेला.

संयोजक, चहा उकळला असेल तर माझी वायर परत लावायला सांगता का?