विश्वाचा आरंभ आणि अंत : एका धर्मगुरूचें गणित

(ख्रिस्तमंदिराच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



या धर्मग्रामाच्या इतिहासावर मीं बोलावें असा महोत्सव-समितीचा आग्रह होता. तें काम मीं आपल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांवर सोंपविलें. कारण माझ्या मनांत गेलीं कित्येक वर्षें एक निराळाच विषय सलत आहे. तरीही तयारी म्हणून मीं कचेरींतलें कपाट उघडून बाप्तिस्म्याचें पहिलें पुस्तक काढलें. पहिल्या पानावर पहिली नोंद आहे, आणि तिच्यावरून पंचाहत्तर वर्षें बिनचूक मोजतां येतात. परंतु त्या बाळाला उचलून आणणारीं माणसें कोठून आलीं, त्यांच्या अंतःकरणांत श्रद्धा कोणीं पेरली, हें त्या पानावर नाहीं. पहिलें पान म्हणजे मूळ नव्हे. हा भेद दिसायला लहान आहे, पण मला तो फार उशिरां कळला, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागली.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी मदतनीस धर्मगुरु होतों. पुनरुत्थानाच्या जागरणाच्या रात्रीं उत्पत्तीच्या पुस्तकांतील पहिला अध्याय वाचला गेला आणि मीं त्यावर प्रवचन केलें. मोठ्या आवेशानें सांगितलें कीं, विश्वाला आरंभ होता हें शास्त्रज्ञांनींच आतां सिद्ध केलें आहे, तेव्हां आपल्या धर्मशास्त्राचें म्हणणें खरें ठरलें. लोक संतुष्ट दिसले, मी त्यांहून अधिक संतुष्ट होतों. मिस्सा आटोपल्यावर कॉलेजांत शिकणारा एक मुलगा साक्रिस्तींत आला. मेणबत्तीचें मेण अजून त्याच्या बोटांना होतें. तो म्हणाला, "फादर, उद्यां शास्त्रज्ञांनीं मत बदललें, तर मीं काय करावें? श्रद्धा सोडावी काय?" मला राग आला. चार बुकें वाचून आलास म्हणून शहाणा झालास, असें कांहींसें बोलून मीं त्याला वाटेस लावलें. पुढें तो देवळांत दिसेनासा झाला.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर एका धर्मगुरूनेंच, माझ्या जन्माच्याही आधीं, देऊन ठेवलें होतें. मीं तें वाचलें नव्हतें, एवढेंच.

जॉर्ज लमेत्र हे बेल्जममधील शार्लरवा या कोळशाच्या खाणींच्या शहरांत १८९४ सालीं जन्मले. जेझुइटांच्या शाळेंत शिकले आणि इंजिनियर व्हावें म्हणून लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठांत गेले. १९१४ सालीं जर्मन सैन्य देशांत घुसलें तेव्हां हे विसाव्या वर्षीं लढाईवर गेले, तोफखान्यांत राहिले व शौर्यपदक घेऊन परतले. परतल्यावर इंजिनियरिंग सुटलें, गणित जडलें. १९२० सालीं गणितांत डॉक्टर झाले आणि त्याच वर्षीं मेखलेन येथील सेमिनरींत शिरले. सेमिनरींत असतांनाच त्यांनीं आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा अभ्यास केला. (आमच्या वेळीं सेमिनरींत उशीखालीं दडवलेलीं पुस्तकें जरा निराळ्या प्रकारचीं असत!) सप्टेंबर १९२३ मध्यें कार्डिनल मर्सिये यांच्या हस्तें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लगेच ते केंब्रिज येथें एडिंग्टन यांजकडे व पुढें अमेरिकेंत शिकण्यास गेले, आणि लुव्हेनला परतून आयुष्यभर तेथेंच शिकवीत राहिले.

१९२७ सालीं त्यांनीं ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकांत फ्रेंच भाषेंत एक निबंध छापला. आइन्स्टाइनचींच समीकरणें सोडवून त्यांनीं दाखविलें कीं, विश्व स्थिर नाहीं. तें पसरत आहे. आपल्या घरांतील उदाहरण घ्या. सणासाठीं ताडी घालून मळलेलें पीठ रात्रभर झांकून ठेवलें कीं सकाळीं टोपाच्या कांठापर्यंत येतें. त्यांत बेदाणे घातले असतील, तर एकही बेदाणा स्वतः पिठांतून चालत जात नाहीं, तरी प्रत्येक बेदाणा दुसऱ्यापासून दूर सरलेला असतो, आणि जो मुळांत लांब होता तो अधिक लांब सरतो. दीर्घिका, म्हणजे अब्जावधि ताऱ्यांचे समूह, हे ते बेदाणे. आणि अवकाश हें पीठ. (टोपाचा कांठ मात्र येथें शोधूं नये.) रशियांतील फ्रीडमन यांनीं १९२२ सालीं गणितानें असेंच उत्तर काढलें होतें, पण लमेत्र यांस त्याची वार्ता नव्हती; आणि त्या गणिताची सांगड दुर्बिणींतून दिसणाऱ्या आकाशाशीं घातली ती लमेत्र यांनीं. त्याच वर्षीं ब्रुसेल्सला आइन्स्टाइन यांची गांठ पडली. त्यांनीं गणित मान्य केलें, पण विश्व पसरतें ही कल्पना साफ झिडकारली. दोन वर्षांनीं अमेरिकेंत हबल यांचीं निरीक्षणें प्रसिद्ध झालीं आणि वारें फिरलें. ज्या नियमाला जगानें अनेक दशकें केवळ हबल यांचें नांव दिलें होतें, तो हबल-लमेत्र नियम म्हणावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघानें २०१८ सालीं मतदानानें केली.

जें आज पसरत आहे तें काल अधिक जवळ होतें. मागें मागें जावें तर कोठें पोहोंचावें? १९३१ सालीं लमेत्र यांनीं एका लहानशा पत्रांत उत्तर दिलें : सर्व द्रव्य एका आद्य अणूंत एकवटलेलें होतें, तो फुटला, आणि त्यानंतरच काळ व अवकाश या शब्दांना अर्थ आला. आरंभापूर्वीं काय होतें हा प्रश्नच तेथें गळून पडतो. काळ हीही एक निर्मिति आहे, असें संत आगस्टीन यांनीं सोळाशें वर्षांपूर्वीं निराळ्या वाटेनें जाऊन म्हटलें होतें. आजच्या गणनेप्रमाणें त्या आरंभाला सुमारें १,३८० कोटि वर्षें झालीं.

आतां पाहा, पायघोळ झगा घातलेला धर्मगुरु म्हणतो कीं विश्वाला आरंभ आहे! पुष्कळांना वाटलें कीं यानें उत्पत्तीचें पुस्तक गणितांत लपवून आणलें. इंग्लंडांतील फ्रेड हॉइल यांना तर ही कल्पना मुळींच पटली नाहीं. १९४९ सालीं रेडिओवर बोलतांना त्यांनींच तिला महास्फोट हें नांव दिलें. हॉइल यांचे पट्टशिष्य म्हणजे कोल्हापुरांत जन्मलेले आपले डॉ. जयंत नारळीकर. मे २०२५ मध्यें पुण्यास त्यांचें निधन झालें; तोंवर महास्फोटाच्या सिद्धान्ताविरुद्ध ते आपले आक्षेप मांडीत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ एका बाजूस असतांना एकट्यानें पुरावा मागत राहणें सोपें नव्हे. त्यांचीं मराठी पुस्तकें मीं वाचलीं आहेत, आणि तरुणांनीं तीं वाचावीं असें मी या व्यासपीठावरून सांगतों. ज्याचा विश्वास खरा आहे त्याला प्रामाणिक आक्षेपाचें भय कशाला?

पण मुख्य गोष्ट पुढेंच आहे. नोव्हेंबर १९५१ मध्यें पोप बारावे पायस यांनीं व्हॅटिकनच्या विज्ञान-अकादमीपुढें भाषण केलें आणि आधुनिक विज्ञान जणूं निर्मितीच्या क्षणाची साक्ष देत आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. लमेत्र हे त्या अकादमीचे सभासद. कोणासही वाटेल कीं त्यांना धन्यता वाटली असेल. त्यांना चिंता वाटली. पुढल्या वर्षीं ते रोमला गेले, व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल यांच्याशीं बोलले, आणि आपलें म्हणणें वरपर्यंत पोहोंचविलें, असें चरित्रकार सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्यें पोपमहाशय जमलेल्या ज्योतिर्विदांपुढें बोलले, तेव्हां तो दावा त्यांनीं पुन्हा केला नाहीं.

लमेत्र यांचें म्हणणें असें कीं, आपला सिद्धान्त धर्माच्या बाजूचाही नाहीं आणि विरुद्धही नाहीं. नास्तिकानें तो खुशाल मानावा. विश्वाचें पहिलें पान गणितानें वाचतां येईल, किंवा त्याच्या अलीकडचें दुसरें पान तरी. परंतु हें पुस्तक मुळांत आहेच कां, ही गोष्ट कोणत्याही पानावर छापलेली सांपडायची नाहीं. सेमिनरींत आम्हांला संत तोमास आक्विनास शिकवीत. विश्वाला आरंभ होता हें श्रद्धेनें मानावयाचें, तें तर्कानें सिद्ध करतां येत नाहीं, असें त्यांनीं तेराव्या शतकांत स्पष्ट लिहिलें आहे. विश्व अनादि असतें तरीही तें क्षणोक्षणीं परमेश्वरावरच अवलंबून राहिलें असतें. हें मीं परीक्षेंत लिहून गुण मिळविले होते. प्रवचनाच्या वेळीं मात्र विसरलों.

१९६४ सालीं अमेरिकेंत पेंझियास व विल्सन यांच्या आकाशवेधी शिंगांत एक अखंड कुजबुज ऐकूं येऊं लागली. शिंगांत पारव्यांनीं घर केलें होतें. विष्ठा खरडून काढली तरी आवाज जाईना. तो आरंभकाळच्या धगीचा अवशेष होता. विश्व सुमारें ३ लाख ८० हजार वर्षांचें असतांना जो प्रकाश मोकळा झाला, तोच आतां थंड होऊन शून्याखालीं २७० अंशांवर सर्व दिशांनीं येत आहे. जून १९६६ मध्यें लमेत्र इस्पितळांत अंथरुणास खिळले असतांना त्यांच्या सहकाऱ्यानें त्यांना हा शोध सांगितला. २० जूनला त्यांनीं देह ठेवला.

शेवटाविषयीं मी थोडकेंच बोलेन. त्या बाबतींत दर कांहीं वर्षांनीं कोणीतरी तारीख छापून पत्रकें वांटीत असतोच. सुमारें १०० कोटि वर्षांत सूर्य इतका प्रखर होईल कीं पृथ्वीवरील समुद्र आटून जातील. सुमारें ५०० कोटि वर्षांनीं तो फुगून तांबडा होईल, मग आकुंचन पावून विझत जाईल. विश्वाचें काय? प्रसरणाचा वेग कमी न होतां वाढत आहे, हें १९९८ सालीं दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून कळलें, आणि आइन्स्टाइननें टाकून दिलेलें, पण लमेत्र यांनीं हट्टानें जपलेलें समीकरणांतील एक पद पुन्हा उपयोगी पडलें. असेंच चालूं राहिलें तर दीर्घिका एकमेकींच्या दृष्टिआड होतील, नवे तारे जन्मणें थांबेल, जुने एकेक करून विझतील, आणि उरेल तो थंडगार अंधार. पण अलीकडे, २०२४ व २०२५ सालीं जाहीर झालेल्या कांहीं मोजमापांवरून हा वेग वाढविणारी शक्ति कदाचित् मंदावत असावी, असा संशय आहे. म्हणजे मत बदलूंही शकेल. त्या मुलानें नेमकें हेंच विचारलें होतें.

राखेच्या बुधवारीं झावळ्या जाळून केलेली राख मी तुमच्या कपाळीं लावतों. त्या झावळ्यांतला कोळसा, तुमच्या हाडामांसांतला कोळसा, ताऱ्यांच्या पोटांत शिजून तयार झाला. आणि तो कसा झाला याची गुरुकिल्ली १९५३ सालीं सांपडली ती हॉइल यांना, लमेत्र यांच्या प्रतिपक्ष्याला. दरवर्षीं अंगठा राखेंत बुडवितांना मला त्या दोघांची आठवण होते.

तो मुलगा आतां चाळिशीच्या घरांत असेल. कोठें असतो मला ठाऊक नाहीं. परंतु आपली ही स्मरणिका गांवोगांव जाते, आखातांत व कॅनडांत असलेल्या आपल्या मुलांनाही धाडली जाते. म्हणून हें भाषण तींत छापावें अशी मीं संपादकांना विनंति केली आहे. त्याच्या हातीं पडलें तर त्याला कळावें कीं, त्या रात्रीं साक्रिस्तींत त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि चुकलों होतों तो मी.