आधी फोटो ठरवा, मग समुद्र

आजचा विषय पाण्याखालचा, म्हणजे अक्षरशः. स्कूबा आणि कॅमेरा या दोन्हींचं वेड असलेल्या माणसाला ऑफिसात, लोकलमध्ये, लग्नात सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो: "अंदमानला जाऊ की मालवणला?" माझं उत्तर दर वेळी एकच असतं. तुला फोटो कसला काढायचाय ते आधी सांग, मग जागा ठरवू.

सुरुवात घरापासून करू. आपण वसई-विरारकर समुद्राच्या काठावर राहतो, पण अर्नाळ्याला किंवा सुरूच्या बागेपाशी कुणी डायव्हिंग करत नाही. का? एक तर दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, दोन्हीकडून गाळ येतो. दुसरं म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर खंभातच्या आखाताकडे जाऊ तसतसं भरती-ओहोटीतलं अंतर वाढत जातं. आपल्याकडे उधाणाला ते चार मीटरच्या आसपास जातं. एवढं पाणी रोज दोनदा आत-बाहेर होणार, म्हणजे तळाचा चिखल कधी खाली बसणारच नाही. तेच दक्षिणेकडे सरकलात की भरतीचं अंतर कमी होतं, तळ खडकाळ होतो, पाणी निवळत जातं. मालवणला डायव्हिंग चालतं आणि वसईला नाही, यातलं बरंचसं कारण हे आहे.

आता फोटोकडे. पाण्याखाली तीन गोष्टी आपल्या विरोधात असतात.

पहिली, रंग. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच बराचसा लाल गायब. बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी खाली राखाडी दिसते. त्यामुळे एकतर उथळ पाण्यात उन्हाच्या वेळी फोटो काढा, नाहीतर लाइट सोबत न्या.

दुसरी, कण. कसारा घाटात धुक्यात गाडीचा अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना? गढूळ पाण्यात कॅमेऱ्याचाच फ्लॅश मारला की तेच होतं. फोटोभर पांढरे ठिपके. म्हणून लाइट लेन्सपासून लांब, बाजूला धरायचा.

तिसरी, अंतर. तुमच्यात आणि माशात जितकं पाणी जास्त, तितका फोटो निळा आणि धूसर. पाण्याखाली झूम हा उपाय नाहीच. जवळ जाणं हाच उपाय.

या तिन्हींतून एक साधा नियम निघतो. पाणी स्वच्छ असेल तर वाइड: प्रवाळाची अख्खी भिंत, कासव, माशांचा थवा. पाणी गढूळ असेल तर मॅक्रो: बोटाएवढा खेकडा, रंगीत समुद्री गोगलगाय, खडकाच्या फटीतून डोकं काढणारी वाम. मॅक्रोमध्ये तुम्ही विषयापासून वीतभर अंतरावर असता, मधे पाणीच नसतं म्हटलं तरी चालेल.

हा नियम लावून जागा बघू.

मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक, त्यावर थोडं प्रवाळ, भरपूर मासे. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. पाणी चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर दिसतं, वाईट दिवशी तीन. म्हणजे मॅक्रोची जागा. वसई रोडवरून कोकण रेल्वेच्या गाड्या मिळतात, कुडाळला उतरायचं. शनिवार-रविवारला एक रजा जोडली की झालं. वर्षातून तीनदा जाता येतं, आणि सराव तिथेच होतो.

नेत्राणी. कर्नाटकात, मुरुडेश्वरहून बोटीने. बेट किनाऱ्यापासून लांब, त्यामुळे पाणी मालवणपेक्षा स्वच्छ. वाइडची सुरुवात इथे करावी. प्रवाह मात्र कधीकधी जोराचा असतो.

अंदमान. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. पाणी वीस मीटर आणि त्याहून जास्त दिसतं. वाइडसाठी उत्तमच. पण रजेचा हिशोब करा. पाच दिवसांच्या सुट्टीत पहिला दिवस विमान आणि फेरीत जातो. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं, म्हणून शेवटचा दिवसही कोरडा. हातात उरले तीन. यात तडजोड नाही, रक्तातल्या नायट्रोजनला तुमचं तिकीट कळत नाही.

लक्षद्वीपचं पाणीही तसंच सुंदर, पण प्रवेशाचा परवाना लागतो, तयारी आधीपासून हवी. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार. त्याचा माथाच वीस मीटरच्या खाली. ते स्वप्नांच्या यादीत ठेवा, सुट्टीच्या नको.

तारीख कशी निवडायची? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या कुठल्याही कोळी काकांना विचारा, ते उधाण आणि भांग सांगतील. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात हलतं, गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी शांत. म्हणून मालवणचं बुकिंग करताना मी आधी कालनिर्णय बघतो, मग रजेचं पोर्टल. सप्तमी ते दशमीतला वीकेंड मिळाला तर सोनं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदाच पाण्यात उतरणार असाल, ज्याला ट्राय डाइव्ह म्हणतात, तर कॅमेरा घेऊच नका. तेव्हा प्रशिक्षकाने तुम्हाला मागून धरलेलं असतं आणि तुमचं काम फक्त श्वास घेणं हे आहे. ओपन वॉटर कोर्स करा, तो १८ मीटरपर्यंतचा असतो. त्यानंतर दहा-पंधरा डाइव्ह नुसत्या बॉयन्सीसाठी द्या, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असं स्थिर राहणं. ते जमत नसताना हातात कॅमेरा आला की माणूस आधारासाठी प्रवाळ धरतो. प्रवाळ हा दगड नाही, जिवंत वसाहत आहे. वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढते आणि एका लाथेत मोडते. शिवाय कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघता बघता हवेचा मीटर बघायचा राहून जातो, ते तर जिवावरचं.

काही ठिकाणी मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव टाकतात. फोटो भरगच्च येतो, पण तो समुद्राचा नाही, पावाचा फोटो असतो. बुकिंग करताना स्पष्ट सांगा: आम्हाला पाव नको, वेळ जास्त द्या. गिऱ्हाइकांनी मागितलं तरच हे बदलेल.

थोडक्यात, पगार आणि रजा दोन्ही मोजकी असताना माझा क्रम असा: मालवणला शिका, मालवणलाच मॅक्रो करा, नेत्राणीला हात साफ करा आणि मग अंदमानवर पैसे घाला. तोपर्यंत तिथलं स्वच्छ पाणी वापरण्याइतके तुम्ही स्थिर झालेले असाल.

पुढच्या भागात बजेटमधला कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग यावर बोलू. तोवर कालनिर्णय काढा आणि पुढची अष्टमी कधी आहे ते बघून ठेवा. भेटूच!